हद्द ओलांडण्याचे चार इंग्रजी शब्द

नागपुरास धरमपेठेत एका बंगल्याच्या फाटकावरील इंग्रजी पाटी वाचून खेड्यातील एका बंधूंनी आम्हांस विचारले, “पाळकसाहेब, ट्रेसपास म्हणजेच अतिक्रमण ना? मग गायरानावरील कुंपणाविषयी हाच शब्द लिहून पोलिसांकडे जावे काय?” शब्द चुकला म्हणजे अर्जही भलत्याच दारी जातो, म्हणून हा पाठ.

१. ट्रेसपास. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जागेत शिरणे. पाऊल मागे घेतले की जागा होती तशीच राहते. नुसते शिरणे हा फौजदारी गुन्हा नव्हे. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा अथवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. १८६० च्या दंडसंहितेच्या ४४१ व्या कलमात असे होते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमातही तसेच आहे. पुष्कळ इंग्रजी मंडळ्या प्रभूच्या प्रार्थनेत हाच शब्द म्हणतात. तेथे त्याचा अर्थ अपराध. आपल्या मराठी प्रार्थनेत त्या ठिकाणी ‘ऋण’ आहे.

२. एन्क्रोच. याच्या मुळाशी ‘आकडा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. नांगरताना शेजाऱ्याचा बांध दरसाल थोडा थोडा कोरणे, ते हे. येथे पाऊल नव्हे, हद्दच सरकते.

३. इन्फ्रिंज. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘मोडणे’. येथे जमीन नसून हक्क मोडतो. जसे, ग्रंथकाराच्या अनुमतीवाचून त्याचे पुस्तक छापून विकणे.

४. ट्रान्सग्रेस. ‘पलीकडे पाऊल टाकणे’ हा मूळ अर्थ. पण ती हद्द आज्ञेची वा मर्यादेची. मराठीत आपण उल्लंघन म्हणतो.

आता फसगत कोठे होते ते पाहा. ‘अतिक्रमण’ याची घडण ‘ट्रान्सग्रेस’सारखी, म्हणजे ‘पलीकडे पाऊल टाकणे’ अशीच आहे. परंतु कचेरीत व गावात त्याचा अर्थ ‘एन्क्रोच’ असा रूढ आहे. यास्तव शब्दाची घडण पाहून थांबू नये. काय ओलांडले व काय बळकावले, हे विचारावे.

त्या बंधूंचे कुंपण सरकारी गायरानावर उभे आहे. तेव्हा ते एन्क्रोचमेंट होय. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ५० व्या कलमाप्रमाणे ते काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. अर्ज तहसील कचेरीत द्यावा. खाजगी बांधाचा तंटा असेल, तर आधी भूमी अभिलेख कचेरीकडून मोजणी करून घ्यावी.

अभ्यास: शेजाऱ्याची गुरे हाकण्यास आपण त्याच्या शेतात न विचारता गेलो, तर चारांपैकी कोणता शब्द? आणि परतताना त्याचा बांध हातभर आत सारला, तर कोणता?