प्रदेश, इतिहास आणि कवितेतील मौन : स्लायगोच्या उन्हाळी अभ्यासवर्गाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

साहित्यकृती आणि प्रदेश यांच्या संबंधांचा विचार मराठी समीक्षेत 'प्रादेशिक साहित्य' या संज्ञेखाली दीर्घकाळ होत आला आहे. तथापि हा विचार बहुधा साहित्यकृतीच्या चौकटीतच फिरत राहतो. कादंबरीतील निसर्ग, बोली आणि चालीरीती यांवरून प्रदेशाचे चित्र तयार करावयाचे आणि त्याच चित्राच्या आधारे कादंबरीचे प्रादेशिकत्व सिद्ध करावयाचे, अशी आपली रीत आहे. जमीन कोणाच्या मालकीची होती, दुष्काळ केव्हा पडला, माणसे गाव सोडून कोठे गेली, कोणती भाषा मागे पडली, हे प्रश्न मात्र इतिहास विभागाकडे सोपविले जातात.

हे दोन अभ्यास एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांत जोडून शिकविण्याची प्रथा युरोपात रुजलेली आहे. आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो या गावी १९६० पासून भरत आलेली येट्स आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा हे तिचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. व्याख्याने, चर्चासत्रे आणि स्थळभेटी असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. अशा अभ्यासवर्गाचे खरे मोल कवीने पाहिलेली स्थळे पाहण्यात नसून, त्या स्थळी उभे राहून कवितेने काय गाळले हे ओळखण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. कवीचा प्रदेश

विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) यांचा जन्म डब्लिनजवळचा आणि बालपणाचा बराच काळ लंडनमध्ये गेलेला. स्लायगो हे त्यांचे आजोळ. तेथील पोलेक्सफेन घराणे गिरण्या आणि जहाजांचा व्यवसाय करणारे, प्रॉटेस्टंट आणि सुखवस्तू होते. म्हणजे ज्या प्रदेशाशी येट्स यांचे नाव कायमचे जोडले गेले तो त्यांना सुटीत भेटलेला आणि दूर राहून आठवलेला प्रदेश होता. इनिसफ्री बेटावरील त्यांची सुप्रसिद्ध कविता १८८८ मध्ये लंडनमध्ये लिहिली गेली आणि १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. लॉख गिल सरोवराच्या काठावरून ते लहानसे, झुडपांनी भरलेले बेट पाहिल्यावर कवितेतील विस्तार हा भूगोलाचा नसून विरहाचा आहे, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात येते.

बेटाचे नावही विचारात घेण्यासारखे आहे. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'हेदर नावाच्या रानझुडपाचे बेट' असा आहे. इंग्रजी लेखनात त्याचा शेवट 'मुक्त' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा होतो आणि इंग्रजी वाचकाला त्यात स्वातंत्र्याची सूचना ऐकू येते. मूळ नावात ती नाही. १८२४ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश सर्वेक्षणात देशभरची स्थलनामे अशीच इंग्रजी लेखनात बसविली गेली. येट्स यांना आयरिश भाषा अवगत नव्हती. १८८८ मध्ये त्यांनी संपादित केलेला लोककथासंग्रह आणि १८९३ मधील 'द सेल्टिक ट्वायलाइट' हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीतूनच सिद्ध झाले. भाषांतराचा हा पडदा स्थलनामांपाशी थांबले असता जितका स्पष्ट दिसतो, तितका छापील पानावर दिसत नाही.

३. मौनाची जागा

येट्स यांच्या जन्माच्या वीस वर्षे आधी, १८४५ मध्ये, बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे मरण पावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली देशाची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. स्लायगो परगण्यात ती सुमारे १ लाख ८० हजारांवरून १ लाख २८ हजारांवर घसरली. येथे विस्तीर्ण जमिनी असलेले आणि त्या वेळी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असलेले लॉर्ड पामर्स्टन यांच्या इस्टेटीवरील सुमारे दोन हजार माणसांना १८४७ मध्ये जहाजांत घालून कॅनडात पाठविण्यात आले. तेथे उतरताना त्यांपैकी अनेकांची अवस्था अत्यंत दीनवाणी होती.

ज्या वृद्ध माणसांकडून येट्स यांनी पऱ्यांच्या कथा ऐकल्या, त्यांच्या पिढीने हा दुष्काळ पाहिलेला होता. कथांत मात्र तो क्वचितच उमटतो. जेथे उमटतो तेथे त्याचे रूप पालटलेले असते. १८९२ मधील 'द काउंटेस कॅथलीन' या नाटकात उपाशी शेतकरी अन्नासाठी आपले आत्मे सैतानाच्या दूतांना विकतात आणि त्यांची जमीनदारीण स्वतःचा आत्मा विकून त्यांना सोडविते. भुकेला येथे मिथकाचे रूप आले आहे आणि जमीनदार त्राता झाला आहे. पामर्स्टन यांची जहाजे ज्या परगण्यातून निघाली तेथे हे नाटक वाचणाऱ्यास या रूपांतराचा अर्थ विचारावाच लागतो.

लिसाडेल येथील गोर-बूथ घराण्याचा वाडा पाहतानाही असाच प्रश्न उपस्थित होतो. ईव्हा आणि कॉन्स्टन्स या भगिनींवरील येट्स यांच्या कवितेत त्यांचे तारुण्य आणि वाड्याचे सौंदर्य यांना उजाळा मिळतो, तर त्यांच्या राजकारणाकडे खंतावलेल्या दृष्टीने पाहिले जाते. इतिहासातील ईव्हा मँचेस्टरमधील कामगार स्त्रियांच्या चळवळीत झिजली. कॉन्स्टन्स १९१६ च्या उठावात लढली आणि १९१८ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. तिने तेथील आसन मात्र स्वीकारले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. कवितेतील मौन हा कवीवरील आरोप नव्हे. कविता म्हणजे दप्तर नाही. परंतु मौन कोठे आहे हे कळल्याखेरीज बोललेल्या शब्दाचे वजन कळत नाही. शिवाय कविता स्वतःही इतिहास घडविते. येट्स फ्रान्समध्ये वारले. आपले दफन बेन बुल्बेन पर्वताच्या पायथ्याशी व्हावे, ही इच्छा त्यांनी एका अखेरच्या कवितेत व्यक्त केली होती. त्यानुसार १९४८ मध्ये अवशेष ड्रमक्लिफ येथे आणण्यात आले. ते अवशेष त्यांचेच होते का याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, तरी वाचकांची रीघ थांबली नाही. येथे प्रदेशाने कविता घडविली त्याइतकेच कवितेनेही प्रदेश घडविला आहे.

४. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

अशा वर्गाला जाणारा मराठी विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही. १९३४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेला भगवान श्री हंस यांचा कैलास-मानस यात्रेवरील ग्रंथ मूळ मराठी होता. विदर्भातील बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि येट्स यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. या दोघांनी मिळून सिद्ध केलेले दहा उपनिषदांचे भाषांतर १९३७ मध्ये निघाले. येट्स आणि भारत हा विषय रवींद्रनाथांपाशी थांबत असेल, तर त्यात या मराठी दुव्याची भर आपणच घालावयास हवी.

मात्र त्याहून महत्त्वाचा लाभ पद्धतीचा आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) आपण माणदेशी धनगरांची कादंबरी म्हणून शिकवितो. तिच्यातील तरुण मास्तर औंध संस्थानाचा नोकर आहे, आणि त्या संस्थानात १९३९ मध्ये ग्रामस्वराज्याची घटना अमलात आली होती, याचा उल्लेख वर्गात क्वचितच होतो. दुष्काळाने वाडी उठते हा शेवटही माणदेशाच्या पर्जन्यमानाच्या आणि स्थलांतराच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचला जात नाही. आटपाडी परिसरात आठ दिवसांचा अभ्यासवर्ग भरविणे कोणत्याही मराठी विभागाला अशक्य नाही. सकाळी कादंबरीचे वाचन, दुपारी गॅझेटियर आणि संस्थानी कागदपत्रे, सायंकाळी धनगरी ओव्यांचे श्रवण, एवढी आखणी आरंभाला पुरेशी आहे.

५. समारोप

अल्पकालीन वर्गाच्या मर्यादा उघड आहेत. आठ-पंधरा दिवसांत भाषा येत नाही, दप्तरे वाचून होत नाहीत आणि पूर्वतयारी नसल्यास अभ्यासाची सहल होण्यास वेळ लागत नाही. तरीही एक गोष्ट अशा वर्गात साधते. साहित्यकृतीतील प्रदेश आणि नकाशावरील प्रदेश यांत अंतर असते, हे वाचकाला प्रत्यक्ष दिसते. प्रादेशिक साहित्याच्या अभ्यासाचा आरंभ त्या अंतरापासून व्हावयास हवा.