एक कप कॉफी आणि मातृभाषा

हॉस्टेलवर आल्यावर आपल्याला पहिल्यांदा काय आठवतं? घरचं जेवण! दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाला शिकायला गेलेल्या रोमानियन मुलांचंही तेच झालं असणार. त्यांच्या घरचं रोजचं अन्न म्हणजे ‘मामालिगा’. मक्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं, पाटावर उपडं करायचं आणि चक्क दोऱ्याने कापायचं. साम्राज्याच्या राजधानीत मात्र पाव आणि उकडलेलं बीफ.

त्यातलाच एक मिहाई एमिनेस्कू. 1869 साली तो व्हिएन्नाला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शालेय शिक्षण अपुरं, म्हणून विद्यापीठात नुसता श्रोता म्हणून बसायची परवानगी. पैशांची तर कायमच ओढाताण. घरी लिहिलेल्या पत्रांत पैशांची मागणी असायचीच (आपल्यासारखीच!).

अशा मुलांना आधार होता कॉफी हाऊसचा. एक कप कॉफी मागवली की सोबत पाण्याचा ग्लास यायचा, वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळायची आणि तासन् तास बसलं तरी कुणी उठवायचं नाही. खोली थंड आणि अडचणीची असली, तर याहून चांगली रीडिंग रूम कुठली? रोमानियन मुलांचा अड्डा होता वोल्त्सायले रस्त्यावरचं ट्रॉइडल कॅफे.

आता खरा मुद्दा. ही मुलं एका देशातली नव्हती. कुणी हंगेरीच्या ताब्यातल्या ट्रान्सिल्वेनियाचा, कुणी ऑस्ट्रियाच्या बुकोविनाचा, तर कुणी खुद्द रोमानियाचा. भाषा एक, पण त्यांच्या संघटना दोन, आणि आपसांत चुरस. शेवटी 1871 मध्ये दोन्ही मिळून एक संघटना झाली, ‘रोमानिया जुना’. गंमत म्हणजे यातल्या ‘जुना’चा अर्थ तरुण!

तिचा पहिला अध्यक्ष योआन स्लाविच. हा हंगेरीतला, लष्करी नोकरी करता करता शिकणारा. घरी बोलायचा रोमानियन, पण शिक्षण झालेलं हंगेरियन आणि जर्मनमधून, त्यामुळे मातृभाषेत लिहायची भीती. एमिनेस्कूने त्याच्या मागे लागून त्याला लिहायला लावलं, त्याची हस्तलिखितं स्वतः दुरुस्त केली. 1871 मध्ये स्लाविचचं पहिलं नाटक छापून आलं. पुढे एमिनेस्कू रोमानियाचा राष्ट्रकवी ठरला आणि स्लाविच तिथल्या मोठ्या कथाकारांपैकी एक.

स्लाविचबद्दल वाचलं तेव्हा मला आमचं कॉन्व्हेंट आठवलं. तिथे मराठी फक्त एका तासापुरती होती. हा लेखसुद्धा मी आधी इंग्लिशमध्ये सुरू केला होता. रूममेट म्हणाली, “चुका होऊ देत, मी बघते.” तिने ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका काढल्या!

तेव्हा मेसच्या टेबलावर रोज आपल्याच गावच्या ग्रुपमध्ये बसू नका. एखाद्या दिवशी दुसऱ्या टेबलावर बसून पाहा. तुमच्या चुका दुरुस्त करणारं माणूस कदाचित तिथेच जेवत असेल.