दगडी भिंतीत कोणती फुलझाडे लावावी?



सायकल स्टँडच्या मागे मैदानाचा जो उतार आहे, तिथे पावसाळ्यापूर्वी कमरेएवढ्या उंचीची दगडी भिंत रचायची आहे. चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. कोकणात व गोव्यात अशा रचाईला गडगा म्हणतात. तिच्या सांध्यांतून फुलझाडे लावावी ही कल्पना मुलांची, आणि ती चांगली आहे. मात्र त्यांनी आणलेल्या यादीतली निम्मी नावे मी खोडली. ती का खोडली, हे सांगण्यासाठी हा पाठ.

आधी भिंत समजून घेऊ. आपला माळवा काळ्या दगडाचा. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून हा दगड झाला. नौतपाच्या दिवसांत दुपारी त्याला हात लावून पाहा, चटका बसतो. पण दोन दगडांच्या मधली, आत खोल असलेली माती तेवढी तापत नाही आणि तिथली ओलही लवकर उडत नाही. शिवाय अशा भिंतीत पाणी साचून राहत नाही. म्हणजे झाड असे हवे, की ज्याला मूठभर माती पुरते, पाने ऊन सोसतात आणि मुळे सांध्यातून मागे शिरतात. ज्याला रोज पाणी लागते, ते इथे टिकणार नाही.

भिंतीमागे काळी माती भरू नये. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने भिंत पोट काढते व एक दिवस ढासळते. आजूबाजूला मुले खेळणार आहेत, तेव्हा हा मुद्दा फुलांपेक्षा मोठा समजावा. मागे दगडाच्या कपच्या व मुरूम भरावा. सांध्यांत मुरूम, थोडी माती आणि चांगले कुजलेले शेणखत. ओळंब्यात सरळ भिंत नको, ती उताराच्या बाजूला थोडी कललेली असावी. प्रत्येक दगड मागच्या बाजूला किंचित उतरता बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे जाईल. अधूनमधून एखादा लांब दगड आडवा आत शिरवला की रचाई पकडून राहते.

इंग्लंडच्या उद्यानतज्ञ गर्ट्रूड जीकल यांनी १९०१ साली ‘वॉल अँड वॉटर गार्डन्स’ हे पुस्तक लिहिले. भिंतीतल्या बागेचा विषय निघाला की त्यांचे नाव येतेच. पण त्या थंड देशातल्या पहाडी वनस्पती आपल्या मे महिन्यात करपतील. तिथली युक्ती घ्यावी, यादी घेऊ नये. मुलांच्या यादीतली बरीच नावे अशाच एका रंगीत पुस्तकातली होती.

खरी परीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीची. त्या दिवसांत शाळेत पाणी घालणारे हात कमी. इंदूरचे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणावे लागते. ते आठवड्यातून एक-दोनदा झारीने घालावे, त्याहून जास्त भिंतीवर खर्च करू नये. एवढ्या पाण्यावर जगणारी झाडेच आपली.

यात पहिला मान पोर्तुलाकाचा, ज्याला मुले ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. मूळ दक्षिण अमेरिकेचे. पानांत पाणी साठवते, उन्हात उमलते, ढगाळ दिवशी मिटून बसते. चार बोटांची कांडी तोडून ओल्या सांध्यात खोचली की लागते, म्हणजे पैसाही लागत नाही. एकेरी फुलांचे घ्यावे; त्याचे बारीक बी फटींत पडून पावसाळ्यात आपोआप उगवते. भिंतीच्या दक्षिण व पश्चिम बाजूला हेच.

सदाफुली दुसरी. हिंदीत तिला सदाबहार म्हणतात, आणि नावाप्रमाणे ती वागते. मूळ मादागास्करची. रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टिन हे औषध तिच्यापासूनच मिळते. पण साखरेच्या आजारावर घरोघरी तिची पाने चावण्याची जी पद्धत आहे, ती सोडावी. झाड विषारी आहे. औषध डॉक्टरांनी द्यायचे असते.

भिंतीच्या माथ्यावर रसेलिया लावावी. तिच्या हिरव्या काड्या खाली झुकतात, लाल नळीसारखी फुले लोंबतात आणि शिंजीर पक्षी त्यांच्यासाठी येतात. पायथ्याशी पावसाळी लिलीचे कंद व गुलबक्षी. दोघींचा जमिनीखालचा भाग उन्हाळा काढतो. गुलबक्षी दुपार ढळल्यावर उमलते, म्हणजे सकाळच्या व दुपारच्या दोन्ही पाळ्यांना काही ना काही पाहायला मिळेल. तिच्या काळ्या बिया मात्र लहान मुलांनी तोंडात घालू नयेत.

उत्तर बाजूची गोष्ट निराळी. डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर असतो. ती बाजू तेव्हा सावलीत. जूनमध्ये मात्र काही दिवस तो आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तिथे पानफुटी ठेवावी. हिवाळ्यात पूर्वेकडच्या सांध्यांत अ‍ॅलिसम व फ्लॉक्स शोभतील, पण ऊन तापू लागले की ती संपणार हे धरूनच चालावे.

आता खोडलेली नावे. कण्हेर, कारण सगळे झाड विषारी. घाणेरी, कारण ती पसरली की आवरत नाही. बोगनवेल, कारण काटे व वजन. काटेरी युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून तोही नाही. आणि एक पाहुणा न लावता येतोच: पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते. दोन पानांचे रोप दिसताच मुळासकट उपटावे; नुसते वरून कापले तर मूळ आत जाडावते आणि दगड सरकवते.

आपोआप उगवलेल्या दगडी पाल्याला मात्र राहू द्या. तो दिसायला साधा, पण त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर फुलपाखरे बसतात.

कांड्या भिंत रचतानाच, दगडांच्या प्रत्येक थराबरोबर घालाव्या; मागाहून खोचलेली मुळे मागच्या मुरुमापर्यंत सहज पोचत नाहीत. ज्यांच्या घरी एकेरी पोर्तुलाका किंवा रसेलिया आहे, त्यांनी रचाईच्या दिवशी सकाळी ओल्या कापडात गुंडाळून आणावी. सहावी ते आठवीच्या मुलांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. मोठे दगड गवंडीच उचलतील, मुलांनी फक्त कपच्या व माती.