देवसेनेचा नकार

तपकिरीच्या व्यापारामुळे 'सुंघनी साहू' या नावाने वाराणसीत ओळखल्या जाणाऱ्या घराण्यात जयशंकर प्रसाद (१८८९–१९३७) यांचा जन्म झाला. काव्य, कथा आणि नाटक या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी लेखन केले. त्यांचे 'स्कंदगुप्त' हे नाटक १९२८ साली प्रसिद्ध झाले. ज्या गुप्त सम्राटाच्या हूणांशी झालेल्या संघर्षाचा उल्लेख वाराणसीलगतच्या गाझीपूर जिल्ह्यातील भितरी येथील स्तंभलेखात आढळतो, तोच या नाटकाचा नायक होय. परंतु नाटकातील खरी शोकांतिका रणांगणावर घडत नाही. ती मालवराज बंधुवर्म्याची बहीण देवसेना हिच्या मनात घडते.

देवसेनेचे स्कंदगुप्तावर प्रेम आहे. स्कंदगुप्ताचे मन मात्र आरंभी विजया या धनिककन्येकडे ओढलेले असते. पुढे देशरक्षणासाठी बंधुवर्मा आपले राज्य स्कंदगुप्ताच्या स्वाधीन करतो. या उदात्त त्यागामुळेच देवसेनेची वाट बंद होते. राज्य देऊन प्रेम विकत घेतले, असा टोमणा विजया तिला मारते. मालव देऊन बहिणीचा विवाह जुळवला, असे उद्या लोकही म्हणतील, हे देवसेना जाणून असते. मूल्य देऊन मिळवलेले प्रेम तिला नको आहे. त्या क्षणापासून ती आपली इच्छा मनातच ठेवते.

बंधुवर्मा युद्धात कामी येतो, साम्राज्य विस्कळीत होते. वृद्ध सेनापती पर्णदत्तासह देवसेना भिक्षा मागून निराधार सैनिकांची सेवा करते. अखेरीस स्कंदगुप्त स्वतः तिच्याकडे येतो आणि एकांतात सोबतीने उर्वरित आयुष्य घालवावे, अशी याचना करतो. आता विजया हयात नाही, बंधुवर्माही नाही. आड येणारे कोणीच उरलेले नाही. तरीही देवसेना नकार देते. स्कंदगुप्त आजन्म अविवाहित राहण्याची प्रतिज्ञा करतो.

शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या आड दोन घराण्यांचे वैर येते. सोफोक्लीजच्या अँटिगनीसमोर राजाज्ञा उभी असते. तेथे विरोधक डोळ्यांना दिसतो. देवसेनेला मात्र कोणीही मनाई करीत नाही. लोकापवादाचे भय तिने स्वाभिमानाच्या रूपाने आत्मसात केले आहे. म्हणूनच तिच्या नकाराचा अर्थ लावणे कठीण जाते. तो भावाच्या त्यागाचे पावित्र्य राखणारा स्वतंत्र निर्णय आहे, की समाजाचाच शब्द तिच्या मुखातून उमटतो आहे? नाटककार दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो. तिच्या नकारात तेज आहे आणि वेदनाही आहे. यांपैकी एक वगळून तिचे चित्र पूर्ण होत नाही. दुःख आणि शांती यांचा असा संगम साधणाऱ्या शेवटासाठी हिंदी समीक्षेत 'प्रसादान्त' हा शब्द योजला जातो.

१९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ध्रुवस्वामिनी'त प्रसादांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. येथे बंधन बाहेरचे आणि उघड आहे. भित्रा रामगुप्त आपली राणी ध्रुवस्वामिनी शकराजाच्या हवाली करण्यास तयार होतो. पतीच्या अधिकाराला ती भर सभेत आव्हान देते. शेवटी खुद्द पुरोहितच शास्त्राचा अर्थ सांगून तिला त्या विवाहातून मुक्त करतो. अशा मुक्तीला स्मृतिग्रंथांचा आधार असल्याचे प्रसादांनी नाटकाच्या प्रास्ताविकातही दाखवून दिले आहे.

ही दोन्ही नाटके जोडीने वाचली असता एक भेद स्पष्ट होतो. ध्रुवस्वामिनीला जखडणारा नियम पोथीतला आहे, म्हणून पोथी उघडून तो तपासता येतो आणि मोडताही येतो. देवसेनेला अडविणारा नियम कोणी लिहिलेला नाही. लोक काय म्हणतील, या प्रश्नावर निवाडा देणारा पुरोहित तिला कोठून मिळणार? शास्त्रात तोड सापडते म्हणून ध्रुवस्वामिनीचे नाटक सुटकेकडे जाते. देवसेनेला मात्र आपल्या प्रेमाची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्या प्रेमाचाच निरोप घ्यावा लागतो.