छातीची धडधड आणि बीटा ब्लॉकर गोळी

परीक्षा, मुलाखत वा सभेतील भाषणाच्या भीतीने छाती धडधडते, हात कापतात. ॲड्रेनलिनचा हा परिणाम प्रोप्रॅनोलॉलसारखी ‘बीटा ब्लॉकर’ औषधे रोखतात. त्याने शरीराची लक्षणे शमतात. मनातील चिंता मात्र राहते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेल व रक्तक्षयाचे रुग्ण आढळतात. रक्तक्षयातही छाती धडधडते. म्हणून प्रथम रक्ततपासणी करून घ्यावी. दमेकऱ्यांना हे औषध घातक ठरू शकते. नियमित घेणाऱ्यांनी ते एकाएकी बंद करू नये. तेव्हा शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा व्यक्तीस दुसऱ्याची गोळी न देता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मनाच्या चिंतेसाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.