कोंबडीचा कौल

पाळीव कोंबड्यांचे कल्याण म्हणजे भूक, रोग व इजा यांपासून संरक्षण, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली तो विस्तारला. प्राण्याला उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता व अवयव ताणता आले पाहिजेत, असे तिने सुचविले. पिंजऱ्याच्या तळाशी बारीक षट्कोनी जाळी नसावी, अशीही तिची शिफारस होती. १९७३ मध्ये ह्यूज व ब्लॅक या संशोधकांनी निरनिराळ्या जाळ्या कोंबड्यांपुढेच ठेवल्या. त्यांनी नेमकी तीच जाळी पसंत केली! समितीचा हेतू चांगला होता. परंतु जिच्या पायांचा प्रश्न, तिला कोणी विचारले नव्हते.

कोंबडी अंगावर माती उधळून घेते, हे खेड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. पिसांवर साचलेला जुना तेलकटपणा त्यामुळे निघून जातो. विशेष म्हणजे, माती नसलेल्या उघड्या जाळीवरही ती त्याच हालचाली करीत राहते.

युरोपीय संघाने २०१२ पासून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद केले. सुधारित पिंजऱ्यात प्रत्येक पक्ष्यास किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा, अंडी घालण्यास आडोसा व बसण्यास दांडी आवश्यक ठरली. तथापि, त्रास संपला म्हणजे सुख आले असे नव्हे. या सुखाच्या अभ्यासासाठी २०२२ पासून अनेक देशांतील शास्त्रज्ञ ‘लिफ्ट’ या युरोपीय उपक्रमात एकत्र आले. खेळ, कुतूहल, विसावा यांची लक्षणे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. चोचीत अळी धरून पळणारे पिलू खेळत असते की घास वाचवीत असते, हे आधी ठरवावे लागते.