जांभूळबीची पूड आणि मधुमेहाची गोळी

प्रश्न : आईला मधुमेह आहे. आमच्या बांधावर जांभळाचं झाड आहे. बियांची पूड सुरू केली तर गोळ्या बंद करता येतील का? पानं कशाला वापरतात?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : गोळ्या कृपा करून बंद करू नका. बियांच्या पुडीने साखर उतरल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांबाबतचा पुरावा अजून तोकडा आहे. पूड द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळीच्या जोडीला ती घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ जाणवली तर लगेच साखर खायला द्यावी.

आयुर्वेदात पुडीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम सांगतात. आईंसाठीची मात्रा वैद्यांनीच ठरवावी. बिया धुऊन, वरचं पातळ टरफल काढून आतला हिरवट गर सावलीत खडखडीत वाळवा, कुटा आणि वस्त्रगाळ करा. ओल राहिली तर बुरशी धरते. अशी पूड सरळ फेकून द्या.

पानं तुरट असतात. कोवळ्या पानांच्या कोमट काढ्याने गुळण्या केल्या की सुजलेल्या हिरड्यांना आराम पडतो. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर मात्र दंतवैद्यांना दाखवा; मधुमेहात हिरड्यांचं दुखणं लवकर बळावतं.